बोटभर राक्षसांची फौज

गेल्या अकरा महिन्यांत पद्मावतीबाईंच्या जेवणाच्या टेबलावर कुणी जेवलं नव्हतं. तिथे राक्षस राहायला आले होते. एकेक राक्षस बोटाच्या दोन पेरांएवढा. कुणाला शिंगं, कुणाला डुकराचं तोंड, कुणाच्या हातात कुऱ्हाड, तर कुणाच्या हातात दुसऱ्याचं मुंडकं. असे एकशे त्रेचाळीस. सहा माणसांचं सागवानी टेबल त्यांना अपुरं पडायला लागलं, तेव्हा धाकट्या चिरंजीवांनी टीव्हीच्या कपाटावरच्या फोटोफ्रेमा हळूच बाजूला सरकवून तिथेही एक तुकडी उभी केली. घरातली माणसं सोफ्यावर मांडीत ताट घेऊन जेवत होती आणि राक्षस मात्र ऐसपैस होते.

चिरंजीवांचं नाव कुलदीप, वय बत्तीस. हैदराबादेत माधापूरच्या एका कंपनीत सात वर्षं संगणकासमोर बसला, मग एका शुक्रवारी कंपनीनं त्याच्यासकट चाळीस जणांना हसतमुखानं घरी पाठवलं. दुसरा एखादा असता तर त्यानं चार ठिकाणी अर्ज केले असते, गेला बाजार डोक्याला हात लावून बसला असता. यानं परदेशातून खोकी मागवली. खोक्यात करड्या प्लास्टिकच्या जाळ्या. जाळीला राक्षसांचे हात वेगळे, पाय वेगळे, मुंडकी वेगळी. ते सगळं कापायचं, तासायचं, चिकटवायचं, वर काळा फवारा मारायचा आणि मग डोक्याला दिवा नि भिंग बांधून तीन केसांच्या ब्रशनं रंगवत बसायचं. कशासाठी? तर फौज तयार झाली की दुसऱ्या कुठल्या तरी बत्तीस वर्षांच्या घोड्याच्या फौजेशी ती टेबलावर लढवायची. फासे टाकून. पद्मावतीबाईंनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पोरगा आपली थट्टा करतोय असंच त्यांना वाटलं.

थट्टा नाही हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी." हे त्यांचं पहिलं मत. पुढच्या अकरा महिन्यांत त्यात तसूभर फरक पडला नाही, नुसती भर पडत गेली.

बाई देगलूरकडच्या शेतकऱ्याची लेक. माणसानं काहीतरी पिकवावं, नाहीतर विकावं, नाहीतर सरकारात चिकटावं, यापलीकडे चौथी वाट त्यांच्या माहेरी कुणी पाहिली नव्हती. नवरा एकनाथराव सिकंदराबादला रेल्वेत चिकटला आणि तिथूनच निवृत्त झाला. थोरला विक्रम आबिड्सला पडद्यांचं आणि सोफ्याच्या कापडाचं दुकान चालवतो, बायको तेजश्री आणि वर्षाची राणी यांना घेऊन याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतो. सगळं कसं नीट रांगेत. आणि मधेच हे शेंडेफळ, भर दुपारी पडदे ओढून, राक्षसाच्या बुटाला तपकिरी रंग लावत बसलेलं.

त्याची कामाची तऱ्हाही अशी की बघणाऱ्याचं डोकं उठावं. एक राक्षस घेतला, रंगवला, संपवला असं नाही. एका दिवशी एकशे त्रेचाळीस पट्टे. दुसऱ्या दिवशी दोनशे शहाऐंशी बूट. मग आठवडाभर नुसती नखं. बाई सकाळी देवपूजा करून बाहेर आल्या की विचारायच्या, "काय करायलास रे आज?" तो मान वर न करता म्हणायचा, "आज दात." बाई कपाळाला हात लावायच्या. रेल्वेत असताना एकनाथरावांनी सबंध आयुष्यात जितके डबे मोजले नसतील तितके दात या घरात रंगवले गेले.

नणंद त्रिवेणी एकदा आली आणि टेबल बघून दारातच थबकली. "वहिनी, हे काय गं?"

"आमच्या कुलदीपचं खातं," पद्मावतीबाई म्हणाल्या. "पाताळ खातं. तू बस तिकडं, तिथं बसू नको. बुडाखाली एखादा सेनापती यायचा."

त्रिवेणी पोट धरून हसली. कुलदीप तिथेच होता. त्यानं भिंग किंचित खाली ओढलं, एवढंच. बाईंना आपला विनोद बरा वाटला आणि पुढे महिनाभर त्यांनी तो येईल त्याला ऐकवला. कामवालीला ऐकवला, शेजारच्या मीनाला ऐकवला, गॅसच्या टाकीवाल्याला तर हिंदीत करून ऐकवला. मुलगा ऐकत असला की आवाज थोडा चढवायचा हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. लाज वाटली तर उठेल आणि कामाला लागेल, असा त्यांचा हिशेब. तो उठला नाही. त्यानं उलट उत्तरही कधी दिलं नाही आणि बाईंना त्याचाच जास्त राग यायचा.

तसं एकदा, अगदी सुरुवातीला, तो स्वतःहून आला होता. पहिला राक्षस पुरा झाला तेव्हा तळहातावर घेऊन स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "आई, बघ ना." बाई वरणाला फोडणी देत होत्या, चष्मा देवघरात होता. त्यांनी डोळे बारीक करून पाहिल्यासारखं केलं. "हं. यापरीस पोळ्याचे मातीचे बैल बरे. त्या दिवशी निदान पुरणपोळी तरी होते." तो "हौ" म्हणाला आणि परत गेला. त्यानंतर त्यानं काही दाखवायला आणलं नाही. बाईंच्या ते लक्षातही आलं नाही, कारण फोडणी करपली होती.

फेब्रुवारीत कळलं की सिकंदराबादला एप्रिलच्या एका रविवारी या लोकांचा मेळावा भरणार आहे. हैदराबाद, बेंगळुरू, चेन्नई, तीन गावचे फौजवाले एका हॉलमध्ये. लढाया तर होणारच, पण सगळ्यात सुंदर रंगवलेल्या फौजेला वेगळं बक्षीस. ते ठरवायला बेंगळुरूहून एक बाई येणार होत्या. त्यांचा रंगकामाचा कारखानाच होता. परदेशातले लोक आपापल्या फौजा त्यांच्याकडून रंगवून घेत. जो पहिला येईल त्याला त्या आपल्याकडे कामावर घेणार, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. कुलदीपनं हे रात्रीच्या जेवणात सांगितलं, सहा महिन्यांत पहिल्यांदाच तो एका दमात इतकं बोलला.

"म्हणजे आता लोकांच्या बाहुल्या रंगवायला नोकरीला लागणार," बाई म्हणाल्या.

"हौ."

"घर सोडून. बेंगळुरूला."

"हौ, आई."

"आणि पहिला नाही आलास तर?"

मग बाईंनीच तोडगा काढला. विक्रमला दुकानात घरचा माणूस हवाच होता. पहिला नंबर आला तर कुलदीपनं खुशाल बेंगळुरूला जावं, या घरात कुणी चकार शब्द काढणार नाही. नाही आला, तर सोमवारी सकाळी नऊला आबिड्स. कुलदीपनं भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचार केला आणि म्हणाला, "कबूल." एकनाथराव साक्षीदार. त्यांना आयुष्यभर दोन माणसांच्या मधे साक्षीदार व्हायची सवयच होती, त्यांनी मान डोलावली.

आता खरं सांगायचं तर पद्मावतीबाईंना तो हरायला हवा होता. त्यात त्यांनी लपवाछपवी केली नाही, देवापुढेही तेच मागितलं. बेंगळुरू म्हणजे भाड्याची खोली, पाकिटातल्या शेवया, आणि आजारी पडला तर कळायला दोन दिवस. दुकान म्हणजे दुपारचा डबा घरचा. आईनं यात काय निवडायचं हे कुणी त्यांना शिकवायची गरज नव्हती. शिवाय तो जिंकणार नाहीच, अशी त्यांची खात्री होती. याच्यासारखे रिकामटेकडे तीन गावांतून येणार, त्यात एखादा तरी याच्याहून रिकामटेकडा निघेलच की!

चेहरे त्यानं शेवटाला ठेवले होते. पट्टे, बूट, दात सगळ्यांचे एकदम झाले, पण चेहरे मात्र एकेकाचे वेगळे. दिवसाला तीन, कधी दोनच. एप्रिलच्या उन्हात पंखा बंद, कारण वाऱ्यानं रंग वाळतो. पाठ गेली, डोळे आत गेले, गळ्याचं हाड वर आलं. बाई ताट आणून आपटायच्या आणि म्हणायच्या, "खा. तुझ्या राक्षसांनी तुलाच खाल्लं बघ." तो दोन घास खायचा. ताट न्यायला आल्या की बाईंना पुन्हा काहीतरी टोचून बोलायचं सुचायचं आणि त्या ते बोलून मोकळ्या व्हायच्या.

रविवारी सकाळी साडेसहाला पद्मावतीबाई बाहेर आल्या तर चिरंजीव खुर्चीतच मान टाकून झोपलेले. दोन दिवसांचा जागा. फौज मात्र टेबलावर रांगेनं उभी, शेवटचा थर चढवून वाळलेली. हा थर म्हणजे रंगाचं रक्षण करणारं एक वॉर्निश. चमकत नाही, पिठासारखं कोरडं दिसतं. बाईंनी त्याला हलवलं तसा तो धडपडून उठला, घड्याळ पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. आठला निघायचं होतं.

"आई, मला एवढी मदत कर," तो म्हणाला. अकरा महिन्यांत त्यानं फौजेला कुणाला हात लावू दिला नव्हता. "हात धू, चांगले कोरडे कर. या पेटीत स्पंज आहे, त्याला खण केलेत. एकेकाला पायाखालच्या चकतीला धरून उचल आणि खणात डाव्या कुशीवर निजव. हत्यारं वर राहिली पाहिजेत. करशील?"

"निजवते. अंगाई पण म्हणू का?"

तो हसला आणि टॉवेल घेऊन पळाला. एकनाथराव दूध आणायला खाली गेले होते. बाईंनी हात धुतले, पदराला पुसले, खुर्चीवर बसल्या आणि पहिला राक्षस उचलला. टेबलावर दिवा पेटलेलाच होता, शेजारी भिंग पडलं होतं. ज्याच्यापायी वर्ष गेलं ते आहे तरी काय ते बघू, असं मनाशी म्हणत त्यांनी भिंग डोळ्याला लावलं.

तोंड तुरीच्या दाण्याएवढं. त्यात डोळे होते. डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा नव्हता, जागरण केलेल्या माणसासारखा किंचित पिवळट होता. खाली काळी वर्तुळं, गालावर जुना वण, खालचा ओठ लोंबलेला. हा म्हातारा होता. लढून लढून कंटाळलेला, आता आणखी कुठं घेऊन चाललात म्हणणारा. बाईंनी त्याला ठेवला नि दुसरा घेतला. हा पोरसवदा. हातात एवढी मोठी कुऱ्हाड आणि डोळ्यांत भीती मावत नव्हती. तिसऱ्यानं नुकतंच रडून तोंड पुसलं होतं. चौथ्याच्या कपाळाला आठी होती. गारपिटीनंतर बांधावर उभे राहिलेले आपले वडील बाईंना आठवले आणि त्यांनी भिंग जरा लांब धरलं.

मग त्यांनी सगळेच बघितले. एकासारखा दुसरा नव्हता. छान होतं. फार छान होतं. कबूल करायला समोर कुणी नव्हतं म्हणून बाईंनी ते चटकन कबूल केलं. आपल्या पोटच्या पोराच्या बोटांत हे कुठून आलं, असं म्हणता म्हणता त्यांचे डोळे भरून आले आणि लगेच दुसरी गोष्ट मनात आली. आज हे सगळे लोक बघणार. तीन गावचे परके लोक, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, डोळे फाडफाडून बघणार. कुणाचा डोळा कसा असतो काय सांगावं! आणि पोरगं आधीच असं वाळलेलं.

हरणं वेगळं आणि दृष्ट लागणं वेगळं. हरावा, हरून घरी यावा. पण दृष्ट लागून अंथरुणाला खिळू नये. बाईंच्या मनात या दोन गोष्टींचं जराही भांडण झालं नाही. त्या उठल्या आणि देवघरातून काजळाची डबी घेऊन आल्या. एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं, तुपात खललेलं घरचं काजळ, खास राणीसाठी केलेलं. उदबत्तीची एक काडी मोडून घेतली, तिचं टोक काजळात टेकवलं आणि म्हाताऱ्या राक्षसाच्या डाव्या गालावर खसखशीएवढी तीट लावली. मग पोरसवद्याच्या. मग रडून आलेल्याच्या. दोन मुलं आणि एक नात यांच्या गालांवर वर्षानुवर्षं चाललेला हात तो, भराभर चालला. आत कुलदीपची आंघोळ, दाढी, शर्टाची इस्त्री उरकेपर्यंत एकशे त्रेचाळीस गाल झाले होते आणि एकशे त्रेचाळीस राक्षस, सांगितल्याप्रमाणे, डाव्या कुशीवर स्पंजात निजले होते.

कुलदीपनं पेटीत एक नजर टाकली. डावे गाल खाली होते, त्याला काही दिसलं नाही. "व्वा, आई," तो म्हणाला. बाईंनी सांगितलं नाही. तीट लावली असं सांगितलं असतं तर का लावली तेही सांगावं लागलं असतं.

त्याही निघाल्या सोबत. "कोण कोण रिकामटेकडे जमतात ते बघायचंय मला," असं नवऱ्याला सांगून त्यांनी साडी बदलली. काचीगुड्याच्या घरून सिकंदराबादपर्यंत तिघं एका ऑटोत, पेटी कुलदीपच्या मांडीवर. नऊच्या आतच ऊन असं तापलं होतं की ऑटोच्या सीटला हात लावू देईना, आणि रस्त्याच्या खोदकामामुळे पेटी प्रत्येक खड्ड्याला वर उडत होती. कुलदीप ती पोटाशी धरून बसला होता.

हॉल बघून पद्मावतीबाईंच्या जिभेला नुसती धार आली. दाढ्यावाले, पोटं सुटलेले, चांगले कमावते दिसणारे बाप्ये थर्माकोलच्या डोंगराभोवती ओणवे झाले होते. एक जण टेप लावून राक्षसानं किती इंच चालायचं ते मोजत होता आणि दुसरा ओरडत होता की अर्धा इंच जास्त गेला. "अहो," बाई एकनाथरावांच्या कानाशी लागल्या, "हे सगळे हौले, बिनडोक एकाच जागी सापडलेत. बाहेरून कडी लावून घ्या, हैदराबाद सुखी होईल." एकनाथराव खोकल्याचं निमित्त करून हसले.

अनिल नावाचा कुलदीपचा मित्र पाण्याची बाटली घेऊन आला. "नमस्ते आंटी. फोटो देखा मैं. चेहरे ऐसे बनाया तुमारा बेटा, बेंगलोर वाले क्या खा के बनाते! आज इनाम पक्का समझो."

"देखेंगे," बाई म्हणाल्या. ओठ मुडपलेले होते, पण त्यांना आत कुठंतरी गुदगुल्या झाल्या.

कुलदीपनं पेटी उघडली आणि पहिला राक्षस उचलून उभा केला. मग दुसरा. मग त्याचा हात थांबला.

काजळ तुपातलं. वरून एप्रिलचं ऊन, खालून काचीगुडा ते सिकंदराबाद रस्त्याचे हिसके, आणि गालाला घासणारा स्पंज. त्या कोरड्या, पिठासारख्या थरावर ते जे पसरलं होतं ते डोळ्यांपासून जबड्यापर्यंत. म्हाताऱ्याचा ओठ गेला होता. पोरसवद्याची भीती गेली होती. एकशे त्रेचाळीस तोंडांची डावी बाजू तेलकट, काळी आणि चकचकीत झाली होती, जणू सगळी फौज एकाच गटारातून काढून आणली होती.

अनिल कानात घालायच्या काड्या घेऊन धावला. कुलदीपनं एक पुसून पाहिला, तसं काजळ डोळ्याच्या खाचेत आणखी बसलं. दुसरा पुसला, तर थरासकट खालचा रंगही काडीवर आला. त्यानं काडी खाली ठेवली. बोट नाकाजवळ नेलं, हुंगलं. मग मान वळवून आईकडे पाहिलं.

"काजळ आहे हे," तो हळू आवाजात म्हणाला.

"तीट लावली रे," पद्मावतीबाई म्हणाल्या. "सगळ्यांना. मला काय माहीत, असं..."

पुढचं बोलायला वेळ मिळाला नाही. परीक्षक बाई टेबलाशी येऊन उभ्या होत्या. आखूड केस, गळ्यात भिंग, एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा. त्यांनी एक राक्षस उचलला, फिरवून पाहिला, पट्टा पाहिला, नखं पाहिली, दात पाहिले आणि भुवई वर गेली. "काम तो बहुत सुंदर है." मग चेहरा पाहिला. दुसऱ्याचा पाहिला. तिसऱ्याचा. "लेकिन चेहरों पर ये क्या कर दिया आपने?"

पद्मावतीबाई पुढं सरल्या. त्यांना सांगायचं होतं, पण हिंदीत तीट कशी सांगतात ते आयत्या वेळी आठवेना. त्याआधीच कुलदीप बोलला. "मेरे से ही हुआ, मॅम. आखिर में जल्दी कर दिया."

परीक्षक बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या.

तो चौथा आला. पहिला नंबर चेन्नईच्या एका पोराला मिळाला, त्याची फौज सांगाड्यांची. पद्मावतीबाई मुद्दाम त्या टेबलाशी जाऊन बघून आल्या. नुसत्या कवट्या! पांढरं फासलं, भोकांत काळं भरलं की झालं. म्हाताऱ्या कवटीला नि तरुण कवटीला फरक काय? "डोळे आहेत का याच्याकडच्या एकाला तरी?" त्या तणतणत परत आल्या. "कुलदीप, मी सांगते त्या बाईला. हे काय रंगवणं झालं?" कुलदीप पेटी बंद करत होता. तो म्हणाला, "चला, बाबा थकलेत."

घरी आल्या आल्या कुलदीपनं कपडेही न बदलता फौज पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरली, खोकी माळ्यावर टाकली, ब्रश आणि रंगांच्या बाटल्या अनिलला देण्यासाठी पिशवीत घातल्या. त्यानं काही आपटलं नाही, काही फेकलं नाही. पद्मावतीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. एकनाथराव पाणी प्यायला आत आले तेव्हा त्यांनी नवऱ्याला धरलं.

"अहो, तुम्ही तरी सांगा त्याला. मी तीट लावली हो. दृष्ट लागू नये म्हणून."

एकनाथरावांनी तांब्या खाली ठेवला. "पद्मा," ते म्हणाले, "थोडा धीर धरायचा होतास. तो तसाही हरला असता कदाचित."

चाळीस वर्षं ताटाला ताट लावून जेवलेला माणूस, आणि त्यालाही ते मुद्दाम केलेलं वाटलं. बाईंना संताप आला, मग रडू आलं, मग कळलं की दोन्हींचा काही उपयोग नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं त्या आजवर दुसऱ्यांना ऐकवत आल्या होत्या. रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

सोमवारी सकाळी साडेआठला कुलदीप तयार होऊन बाहेर आला. पांढरा शर्ट, केस विंचरलेले. वर्षभरात तो इतका नीटनेटका दिसला नव्हता, आणि बाईंना तो अजिबात आवडला नाही. त्या चहाचा कप घेऊन दारातच उभ्या राहिल्या.

"कुलदीप, ऐक. ते मी मुद्दाम नाही केलं."

"असू दे, आई."

"असू दे काय? तीट होती ती. इतके लोक बघणार, म्हटलं नजर लागेल. इतकं चांगलं केलंस तू..."

"तीट चांगल्याला लावतात, आई." तो अगदी शांतपणे बोलत होता. "वर्षभरात तू एकदा तरी म्हणालीस का, चांगलं आहे म्हणून? आणि मग एकाच सकाळी एकशे त्रेचाळीस वेळा कसं वाटलं तुला?"

बाईंनी तोंड उघडलं. उत्तर होतं. भिंग होतं, तो म्हातारा होता, ती आठी होती. पण ते सगळं सांगितलं तरी आता कालच्या पापावर घातलेलं पांघरूणच वाटणार, हे त्यांना सांगायच्या आधीच कळलं.

"तुला दुकान पाहिजे होतं," कुलदीप म्हणाला. "मी जायलोय ना. कबूल केलं होतं, जायलोय. मग आता हे कशाला?" त्यानं कप त्यांच्या हातातून घेतला, दोन घोटांत चहा संपवला, कप परत दिला आणि त्यांच्या खांद्याला हलकेच हात लावून बाजूला केलं. रागानं नव्हे. म्हाताऱ्या माणसाला बाजूला करतात तसं.

जिन्यावर त्याची पावलं वाजली. पद्मावतीबाई कप घेऊन गॅलरीत धावल्या. खाली तरकारीची गाडी उभी होती, बायका भाव करत होत्या, मीना वाकून टोमॅटो निवडत होती. कुलदीप फाटकातून बाहेर पडत होता. मुलाचं कौतुक चारचौघांत करायचं नसतं, हे बाईंनी जन्मभर पाळलं होतं. त्यांनी कठड्यावर ओणवून, सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात हाक मारली.

"कुलदीप! खरंच फार सुंदर होते रे ते!"

तरकारीवाल्यानं मान वर केली. मीनानं केली. कुलदीपनं केली नाही.